पहिला दिवस अंथरुणावर

टॅक्सीचं दार लागलं की सावकाशमामाचं तोंड सुटायचं. आधी तो आरशातून मागची मंडळी न्याहाळून घ्यायचा. कोण भरपेट जेवून आलंय, कोणी कोरे करकरीत बूट घातलेत, कोण नुसत्या पातळ शर्टावर डोंगर चढायला निघालंय, हे एका नजरेत टिपायचा आणि मग त्याची गाडी आणि जीभ एकदमच पहिल्या गिअरमध्ये पडायची.

"मोबाइलमधून डोकं वर काढा. समोर बघायचं, लांब. ज्याला मळमळतं त्याने पुढे येऊन बसावं, त्यात लाजायचं काय? या घाटात भल्याभल्यांना ओकारी होते, माझ्या गाडीने सगळं बघितलंय. एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घाला. ऊन आलं की काढता येतात. आणि ऊन येणार, बरं का. हवा थंड आहे म्हणून फसू नका, दुपारपर्यंत नाकाची सालं निघतील."

मग हॉटेलचा विषय. खोली घेताना सकाळचं ऊन येणारी मागा. गरम पाणी कधी असतं ते सामान उघडायच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही. डोंगर बघायचे तर सकाळीच. जेवणं होईपर्यंत ढग खाली उतरतात आणि मग शेजारचं घरही दिसत नाही. खिडकी उघडी टाकून फिरायला जाऊ नका, धुकं आत येऊन गाद्या ओल्या करतं. आणि वरचा माणूस "हे काय, इथेच आहे" असं म्हणाला तर बिलकुल विश्वास ठेवू नका. वरच्या माणसाचं "इथेच" म्हणजे खालच्या माणसाचा अर्धा दिवस.

यावर मंडळी हसली, की तो हळूच मुद्द्यावर यायचा. तेव्हा मात्र आवाजातली थट्टा निघून जायची.

"आता एक गोष्ट नीट ऐका. पहिला दिवस अंथरुणावर. पोचलात की आडवं व्हायचं. पायऱ्या नाहीत, बाजार नाही, डोक्यावरून आंघोळ नाही. घोटघोट पाणी प्यायचं आणि पडून राहायचं. कंटाळा आला तर भांडा, पण पडून भांडा. इथली हवा विरळ आहे. तिला तुमची ओळख पटायला एक दिवस द्या. आणि नखं निळसर दिसली, ओठ काळवंडले, तर ‘जरा बघू’ करत बसायचं नाही. सरळ खाली उतरायचं. खाली उतरणं हेच औषध, बाकी सगळं मलमपट्टी."

खालच्या रेल्वे स्टेशनापासून वरच्या शहरापर्यंत सकाळी निघालं की दिवस उतरणीला लागेस्तोवर पोचायचं, असा तो रस्ता. त्यावर मामाचं उभं आयुष्य गेलं. त्याने कधी कोणाला ओव्हरटेक केलं नाही आणि दर वळणावर "सावकाश, सावकाश" असं स्वतःलाच पुटपुटत राहिला, म्हणून बाकीच्या ड्रायव्हरांनी नाव ठेवलं ते चिकटलं. त्याचं खरं नाव बहुधा फक्त लायसन्सला ठाऊक असावं. तो रागवायचा नाही. उलट त्याला अभिमान होता, की त्याच्या गाडीतून वर गेलेला माणूस सहसा आजारी पडत नाही. एकदाच एका पहिलवान गड्याने ऐकलं नव्हतं. संध्याकाळी किल्लेदारासारखा छाती काढून टेकडीवर पळत गेला आणि येताना चौघांनी उचलून आणला. मामाने ती गोष्ट पुढे इतक्या वेळा सांगितली, की सांगता सांगता पहिलवानाचं वजन वाढत गेलं.

पण हे सगळं पाहुण्यांसाठी. वरच्या माणसाला यातलं अवाक्षर सांगायचं नाही. एकदा गाडीत पोस्टातले कारकून बसले होते आणि मामा सवयीने "पाणी पीत राहा" असं म्हणून गेला, तर ते गृहस्थ कित्येक दिवस त्याच्याशी धड बोलले नाहीत. आपल्याच घरात शिरताना कोणी "चपला इथे काढा" सांगावं, तसं झालं त्यांना. वरच्या शहरात दोनच जाती, वरचे आणि पाहुणे. पाहुणे झोपतात, वरचे झोपत नाहीत. टॅक्सी स्टँडवरून मामाच्या गल्लीत जायला उभ्या दगडी पायऱ्या होत्या. कोणी बाहेरगावी राहून परत आला, की तो त्या पायऱ्या एका दमात, सामानासकट चढतो का, याकडे गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचं लक्ष. मध्येच कोणी कठड्याला धरून टेकला, की वरून हमखास आवाज यायचा, "पाहुणे आले वाटतं!" सगळे हसायचे, टेकणाराही हसायचा. पण तो शेरा पुढे जन्मभर पुरायचा, लग्नात आणि भांडणात सारखाच वापरला जायचा.

मामाची बायको खाली गेली ती नातवाच्या वेळी. मुलगा खालच्या मोठ्या शहरात होता, स्टेशनापासून पुढे रात्रभराच्या रेल्वेच्या अंतरावर. सून कामावर जाणारी. "बाळ चालायला लागलं की येते," असं सांगून ती गेली. बाळ चालायला लागलं, मग बोलायला लागलं, मग त्याला गोवर झाला, मग सुनेची कामाची पाळी बदलली, मग पाठची नात झाली. असं करता करता सहा-सात वर्षं सरली. यात कोणाचं चुकलं म्हणावं? मुलाचं नाही, सुनेचं तर नाहीच. ती पोर घरी आली की सासूच्या हातातलं भांडं काढून घ्यायची. पण वर एक म्हातारा एकटा भात करपवत होता आणि खाली एक म्हातारी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चटई टाकून झोपत होती, हेही तितकंच खरं.

मामानेही खाली राहून बघितलं होतं. दोन खोल्यांचं घर. तो निजला की दाराची वाट अडायची. उकाड्याने अंगभर पुरळ उठलं. कुठे गाडी चालवायला मिळते का म्हणून हिंडला, तर त्या गर्दीत या वयाच्या, ओव्हरटेक न करणाऱ्या ड्रायव्हरला कोण उभं करतंय! महिनाभर दुसऱ्यांच्या पायात येऊन झाल्यावर तो परत वर आला. त्यानंतर दोघांचा संसार फोनवर चालला. रोज संध्याकाळी ती विचारायची, "ढग आलेत का?" तो सांगायचा, "आलेत." ती विचारायची, "शिंपीणवहिनींच्या घरापर्यंत की आपल्या दारापर्यंत?" आणि त्याने "दारापर्यंत" म्हटलं की ती म्हणायची, "मग खिडकी लावून घ्या."

शेवटी धाकटी नातही शाळेत जायला लागली आणि एक दिवस ती फोनवर म्हणाली, "अहो, मी येते आता. कायमची. मुलाशी बोलून झालंय."

मामाने त्या आठवड्यात घराला रंग काढला. स्वतःच काढला, त्यामुळे रंग भिंतीपेक्षा फरशीला जास्त लागला. खिडकीची फट बुजवली, तिची गादी उन्हात घातली. स्टँडवर जो भेटेल त्याला सांगत सुटला, की घरची मंडळी येतेय. इतर ड्रायव्हर म्हणाले, "मामा, आता सावकाश नाही हं, जरा दामटा गाडी!" आणि म्हातारा चक्क लाजला.

स्टेशनवर ती उतरली तेव्हा त्याने आधी पिशवी घेतली आणि मग तिच्याकडे पाहिलं. केस पिकले होते, खांदे उतरले होते, पण हसू तेच, एका बाजूने सुरू होणारं. तिला पुढच्या सीटवर बसवलं. मागे एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, पहिल्यांदाच डोंगर बघणारं. मामाने रीतसर सुरुवात केली आणि आज त्याला साथीदार होती. तो म्हणाला, "एक जाड कोट घालण्यापेक्षा..." की ती मागे वळून म्हणायची, "तीन पातळ घाला." तो म्हणाला, "पोचलात की..." की ती म्हणायची, "आडवं व्हायचं, आणि भांडायचं तर पडून भांडायचं." जोडपं हसून हसून बेजार. नवरी म्हणाली, "काकू, तुम्हीपण झोपणार का आज?"

"मी?" ती म्हणाली, "मी वरची आहे गं बाई."

मामाही हसला. त्याच्या मनाला शंका शिवली नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. शिवली. घाटाच्या वरच्या टप्प्यात ती बोलायची थांबली आणि खिडकीला डोकं टेकवून बसली, तेव्हा त्याने चोरून तिच्याकडे दोनदा पाहिलं. पण जिला आपण घरी नेतोय तिला पाहुण्यांचा सल्ला द्यायचा, तोही पाहुण्यांच्या देखत? त्याची जीभ उचलली नाही.

पायऱ्यांशी शेजारच्या शिंपीणवहिनी वरून ओरडल्याच, "थांबायचं नाही हं मध्ये! नाहीतर पाहुणी म्हणू!" खिडक्या उघडल्या. तिने पदर खोचला, मामाच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली आणि चढायला लागली. एका दमात चढली. वर पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ती हसली, आणि हसताना तिचे ओठ मामाला दिसले. जांभळाच्या रंगाचे. हा रंग त्याने किती जणांना शिकवला होता! त्याने मान फिरवली आणि कुलपात किल्ली घातली.

घरात शिरताच तिने कामाला हात घातला. पडदे उतरवले, ते धुतले, फरशीवरचा रंग खरवडायला बसली. मामा तिच्या मागेमागे फिरत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "जरा पडतेस का? प्रवासाचा शीण असेल."

"शीण कसला? गाडीत बसूनच तर आले."

"तरी पण. आजचा दिवस..."

ती खरवडायची थांबली आणि वर बघितलं. "अहो, मी काय तुमची पॅसेंजर आहे?"

त्याने म्हणायला हवं होतं, हो, आहेस. सहा-सात वर्षं खालच्या हवेत राहिलेलं अंग आहे तुझं, कोणत्याही पाहुण्यासारखंच. पण तसं म्हटलं असतं तर इतक्या वर्षांची वाट बघणं एका शब्दात संपलं असतं. घरी आलेल्या बाईला, तू घरची राहिली नाहीस, असं कोणत्या तोंडाने सांगणार? त्याने चहा ठेवला. दोघांनी खिडकीत बसून घेतला. ढग दारापर्यंत आले होते आणि ती त्यांच्याकडे डोळे भरून बघत होती. त्या वेळी मामा सुखी होता, हे सांगितलं पाहिजे. भीती होती, पण सुख भीतीपेक्षा मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने डोक्याला रुमाल बांधला, थंडी वाजते म्हणाली. जेवायला बसली आणि भात नुसता चिवडला. भेटायला आलेल्या बायकांशी मात्र तासन्‌तास बोलली, त्यांच्यासाठी तीनदा चहा केला. मामाने त्या दिवशी गाडी काढली नाही. बाजारात सामान आणायला गेला, तर ते नवं जोडपं समोरून हातात हात घालून येत होतं, टवटवीत. "मामा, तुमचं ऐकलं! काल पोचल्यापासून झोपूनच होतो!" नवरी म्हणाली. "काकू कशा आहेत?"

"मजेत," मामा म्हणाला, आणि जवळजवळ पळत घरी आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा खोकला थांबेना. बसल्या बसल्या धाप लागली होती आणि तोंडाला आला तो फेस गुलाबी होता.  शिंपीणवहिनी आणि त्यांच्या मुलाने तिला खुर्चीत बसवलं आणि त्याच पायऱ्यांवरून खुर्ची खाली नेली. खिडक्यांतून कोणी काही बोललं नाही.

दवाखान्यातली डॉक्टर वयाने त्याच्या सुनेएवढी होती. तिने मामाच्या बायकोला ऑक्सिजनचा मास्क लावला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, हृदयाची पट्टी काढली. मग मामाला विचारलं, "आल्यावर पहिल्या दिवशी विश्रांती घेतली होती का?"

ज्याने सगळ्या घाटाला हे कानीकपाळी ओरडून सांगितलं, तो बायकोच्या पायांवरचं पांघरूण सारखं करू लागला. मास्कच्या आतून तीच म्हणाली, "मी इथलीच आहे."

"हो, आजी," डॉक्टर हळू म्हणाली, "असं इथल्याच माणसांचं बऱ्याचदा होतं. खाली बरीच वर्षं राहून आलेल्यांचं." मग ती मामाला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. फुप्फुसांत पाणी भरलंय, आजच खाली न्यायला हवं. सिलिंडर देते, उशीर करू नका. हृदयही अशक्त आहे, ते आजचं नाही, जुनं आहे. "आणि बाबा, त्यांना पुन्हा वर आणू नका."

"म्हणजे, बरी होईपर्यंत."

"नाही. कधीच नाही."

मामा मग एकेक करून आपली सगळी पुंजी तिच्यापुढे मांडायला लागला. मध्ये मुक्काम करत आणलं तर? दर टप्प्यावर आठवडाभर राहून? डॉक्टरने मान हलवली. वर आल्यावर महिनाभर झोपवून ठेवलं तर? पायऱ्या चढूच दिल्या नाहीत तर, खुर्चीतून नेलं तर? घर बदलून खालच्या आळीत घेतलं तर? घरातच सिलिंडर ठेवला तर?

"पहिल्या दिवशी झोपल्या असत्या तर कदाचित हे इतकं वाढलं नसतं," डॉक्टर म्हणाली. "पण ते हृदय या उंचीवर टिकणारं नाही. आज नाही तर पुढच्या थंडीत हेच झालं असतं. आणि दर वेळी खाली न्यायला वेळ मिळतोच असं नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल."

त्याला माहीत होतं. म्हणूनच त्याने आणखी काही विचारलं नाही. मुलाला फोन केला. मुलगा म्हणाला, मी मिळेल त्या गाडीने स्टेशनवर येतो, बाबा, तुम्ही घाबरू नका. मग थोडं थांबून म्हणाला, आईची चटई अजून तिथेच आहे.

तिला पुढची सीट मागे झुकवून निजवलं, सिलिंडर पायाशी बांधला. शिंपीणवहिनी गाडीच्या खिडकीत तोंड घालून रडायला लागल्या, "मी मेलीने थट्टा केली." ती मास्कच्या आतून काहीतरी म्हणाली, ते कोणालाच कळलं नाही. मामाने गाडी सोडली. मागे कोणी नव्हतं, त्यामुळे बोलायला काही नव्हतं.

पहिल्या काही वळणांपर्यंत तो फक्त तिचा श्वास ऐकत होता. घरघर, मग थांबणं, मग पुन्हा घरघर. पाइनची झाडं लागली तशी घरघर थोडी विरळ झाली. चहाच्या टपऱ्या गेल्या, आणि तिची नखं निळ्याची पुन्हा गुलाबी झाली. पुलापाशी तिने स्वतः हात उचलून कपाळावरचे केस मागे सारले. मामाने देवाचे आभार मानायला हवे होते, आणि तो मानतही होता. पण त्याच वेळी तो मनात हिशेबही करत होता. न्यूमोनिया असता, साधा ताप असता, तर खाली उतरून काही फरक पडला नसता; गोळ्या झाल्या असत्या, पथ्य झालं असतं, मग घर. इथे तर दर वळणाला ती बरी होत होती, आणि दर वळणाला डॉक्टरचं म्हणणं खरं ठरत होतं. क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला वाटलं की तिने इतक्या लवकर बरं होऊ नये. मग त्या विचाराचीच त्याला शिसारी आली आणि त्याने खिडकीची काच खाली केली.

उबदार वारा आत आला. तिने मास्क काढून मांडीवर ठेवला. गालांवर रंग आला होता. सीट सरळ करायला सांगितली आणि ती उठून बसली, बाहेर बघायला लागली, जशी येताना बसली होती तशी. 

मग ती म्हणाली, "अहो, मला आता अगदी बरं वाटतंय."

"हं."

"खरंच. श्वास बघा ना, कसा मोकळा झालाय." तिने दोनदा मोठा श्वास घेऊन दाखवला. "उगीच घाबरलो आपण. पडदेही दोरीवरच राहिलेत." ती त्याच्याकडे न बघता समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "वळवता का गाडी?"

पुढच्या वळणावर डोंगर मागे सरकला होता आणि डाव्या हाताला मोठं सपाट मैदान होतं. बस आणि ट्रक तिथेच वळतात. आत्ताही एक बस निवांत वळून वरच्या दिशेला तोंड करून उभी होती. दोघांनीही ते मैदान पाहिलं.

"इथे वळायला जागा नाही," मामा म्हणाला.

तिने मान हलवली. मैदान मागे पडेपर्यंत ती ते काचेतून बघत राहिली, आणि मग म्हणाली, "बरं. मग सावकाश चला."